खुर्चीखालचे रूळ

आज कॅन्ससमधल्या हँगरमध्ये १९५६ च्या सेसना १७२ या छोट्या विमानाची पुढची खुर्ची काढली, तेव्हा रुळांवरची गोल भोके झिजून लांबट झालेली दिसली.

“गाद्या मात्र कोऱ्या आहेत,” असे मेकॅनिक म्हणाले आणि ते वाक्य दिवसभर मनात सलत राहिले.

अशा भोकांत खुर्चीची पिन पक्की बसत नाही. उड्डाणाच्या क्षणी खुर्ची मागे सरकली आणि वैमानिकाने योक (विमानाचे नाक वर-खाली करणारे सुकाणू) घट्ट धरून ठेवला, तर विमानाचे नाक धोकादायक रीतीने वर ओढले जाते. म्हणूनच अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेने १९८७ मध्ये या रुळांची तपासणी बंधनकारक केली.

रिव्हेट काढून रूळ बदलणे किचकट आहे, तरीही माझ्या मते पहिला खर्च तिथेच व्हायला हवा. जुने विमान घेणारे किती जण खुर्चीखाली वाकून पाहत असतील?