सॅम्युअल लिंकन : अठरा की चौदा?

सापडला! मागच्या वेळी लिहिलं होतं की इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथ बंदराच्या प्रवासी नोंदवहीत आपला सॅम्युअल, म्हणजे अब्राहम लिंकनचा अमेरिकेत गेलेला मूळपुरुष, कुठेच दिसत नाही. दिसणार कसा? कारकुनानं आडनाव 'लिंकॉर्न' असं उतरवलंय. तीन आठवडे लिंकनची सगळी स्पेलिंगं घालून शोधलं. शेवटी आडनावाचा नाद सोडला आणि तो ज्याच्याकडे नोकर होता त्या मालकाच्या नावानं गेलो. 8 एप्रिल 1637. फ्रान्सिस लॉज, नॉरिचचा विणकर, वय 57. सोबत बायको, मुलगी मेरी आणि दोन नोकर : सॅम्युअल लिंकॉर्न, 18 आणि अ‍ॅन स्मिथ, 19. ती ओळ मी पाच-सहा वेळा वाचली.

आणि तिथेच घोडं अडलं. नॉरफकमधल्या हिंगम गावच्या चर्चमध्ये सॅम्युअलचा बाप्तिस्मा 24 ऑगस्ट 1622 चा आहे. म्हणजे जहाजावर चढताना पोराला पंधरावंही पुरं नव्हतं. मग हे अठरा आलं कुठून? बाप्तिस्मा उशिरा झाला? मुलानं, नाहीतर लॉजनं, वय वाढवून सांगितलं? की हा सॅम्युअलच वेगळा?

वर्गणी भरून घेतलेल्या एका साइटवरच्या कित्येक वंशवृक्षांत जन्मसाल सरळ 1619 करून टाकलंय, आधार काहीच नाही. एकानं लिहायचं, बाकीच्यांनी उचलायचं. याचा मला मनापासून राग येतो. नोंदवहीची छापील नक्कल समोर ठेवून एकेक ओळ तपासणं हाच रस्ता खरा.

वेगळा सॅम्युअल असेल असं मला वाटत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगममध्ये थॉमस लिंकनच चार होते. विणकर, गिरणीवाला, पिंपं बनवणारा आणि शेतकरी, अशी धंद्यावरून त्यांची ओळख. त्यातला विणकर थॉमस हा सॅम्युअलचा भाऊ, आधीच तिकडे गेलेला. आपल्या जमिनीतला वाटा त्यानं सॅम्युअलला दिला. भाऊ विणकर, मालक विणकर, हा धागा मजबूत आहे.

एक छोटा आनंद : सॅम्युअलचा मुलगा मॉर्डेकाय (जन्म 1657) याची बायको सारा जोन्स ही अब्राहम जोन्सची मुलगी. घराण्यात 'अब्राहम' हे नाव शिरलं ते इथून, असं मला वाटतं. नातवाला आजोबांचं नाव, अगदी आपल्यासारखं! खुद्द अब्राहम लिंकननं 1859 साली लिहिलं होतं की न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागातल्या) लिंकनांशी नातं जोडायच्या खटपटीतून सारख्या नावांपलीकडे काही हाती आलं नाही. एनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय ही नावं त्यानंच उदाहरणादाखल दिलीत. राष्ट्राध्यक्ष जेफरसनचा अ‍ॅटर्नी जनरल लेव्हाय लिंकन आणि त्याचे दोघे गव्हर्नर मुलगे सॅम्युअलच्याच दुसऱ्या शाखेतले. अब्राहमला हे पक्कं कळलं असतं तर, असं राहून राहून वाटतं.

आता पुढे. सॅम्युअलचा आणखी एखादा बाप्तिस्मा मिळतो का, म्हणून आसपासच्या गावांच्या चर्चची दप्तरं चाळायची असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिताच सुचलं : वयाचा घोळ सॅम्युअलपुरताच आहे की कारकुनाच्या सगळ्या वहीत? त्याच यादीतले पंधरा ते वीस वयाचे दहा नोकर घ्यायचे आणि त्यांचे बाप्तिस्मे फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर शोधायचे, तिथे फुकट मिळतात. चार-पाच जणांची वयं अशीच फुगलेली निघाली, तर अठराचं कोडं बरंचसं सुटेल. दप्तरं नंतर. अ‍ॅन स्मिथला मात्र हात लावणार नाही, नॉरफकमध्ये स्मिथ काय कमी आहेत? दुर्मिळ आडनावांपासून सुरुवात, या रविवारी.