बॉल तोच, पेपर वेगळा

बॉलिंगच्या लीगमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: कुठला बॉल घेऊ? आमच्या टीममधला नाशिकचा मुलगा तर सारखा फोनवर नवनवे बॉल दाखवत असतो. "ताई, याचा हूक, म्हणजे वळण, बघा ना!" मी त्याला विचारते, आहे त्या बॉलला पेपर, म्हणजे घासायचा सँडपेपर, कधी मारलास? की गडी गप्प.

मी डेट्रॉइटजवळ राहते आणि नोकरी क्वालिटी इंजिनियरची. क्रँकशाफ्टच्या जर्नलवर सुई फिरवून आरए, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजणं हे रोजचंच काम. त्यामुळे बॉलिंग बॉल हातात आला तरी माझं लक्ष आधी त्याच्या कातडीकडे जातं. हा धंद्याचा दोष म्हणा हवं तर. पण यूएसबीसीने, म्हणजे अमेरिकेतल्या बॉलिंगच्या नियामक संस्थेने, बॉलच्या चालीचा अभ्यास केला, तेव्हा कोअर (बॉलचा आतला गाभा), ड्रिलिंग (बोटांची भोकं पाडणं) वगैरे सगळ्यांना मागे टाकून पृष्ठभागाचा खडबडीतपणाच वर आला होता. तेव्हा माझं म्हणणं अगदीच एकतर्फी नाही.

आता लेनचं बघू. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्यापुढे पाय टाकायचा नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदीला लाकडाच्या फळ्यांसारख्या ३९ पट्ट्या. त्यातल्या पहिल्या साधारण ४० फुटांवर तेल, पुढे कोरडं. हाउस शॉटमध्ये, म्हणजे तेलाच्या नेहमीच्या मांडणीत, मधल्या पट्ट्यांवर तेल भरपूर आणि कडेला कमी, म्हणून बॉल थोडा इकडेतिकडे पडला तरी लेन सांभाळून घेते. स्पोर्ट पॅटर्नमध्ये, म्हणजे तेलाच्या अवघड मांडणीत, हे लाड नाहीत. तिथे मधल्या आणि कडेच्या तेलाचं प्रमाण तीनास एक किंवा त्याहून कमी असतं. कॅरमवर पावडर आपणच टाकतो आणि ती दिसतेही. इथे तेल दुसऱ्याने मशीनने घातलेलं आणि बघायला जावं तर जवळजवळ अदृश्य. बॉलच सांगेल तेवढं खरं.

एक सोपा हिशेब सगळे करतात. तेलाची लांबी फुटांत घ्या, त्यातून ३१ वजा करा, बॉल साधारण कडेपासून मोजून त्या पट्टीवरून वळायला हवा. ४० फुटांचं तेल असेल तर नववी पट्टी. ३५ फुटांचं असेल तर चौथी, म्हणजे जवळजवळ गटारीच्या काठावरून. गणित एवढंच. पण बॉल तिथे पोचेपर्यंत नुसता सरकत जाणार, की आधीच वळून बसणार, हे पेपर ठरवतो.

पेपर येतो तो गोल पॅडच्या रूपात, आणि कमी नंबरचा पॅड म्हणजे खडबडीत बॉल. ५०० किंवा १००० मारला की बॉल तेलातही पकड घेतो, लवकर वळायला लागतो आणि त्याचं वळण एकदम न येता हळूहळू येतं. ४००० किंवा वर पॉलिश असेल तर तेलावरून तो सरकत जातो, दम राखून ठेवतो आणि कोरड्यात गेल्यावर एकदम चावतो. जास्त तेलाच्या लेनवर पॉलिशचा बॉल घेतलात तर तो वळायचं विसरूनच जातो. कोरड्या लेनवर ५०० चा घेतलात तर पिनांपर्यंत पोचेस्तोवर त्याच्यातली जान संपलेली असते.

पॅड मी अब्रालॉनचे वापरते, फिनलंडच्या मिर्का कंपनीचे. बॉल स्पिनरवर, म्हणजे तो गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, ठेवायचा, पॅड ओला करायचा आणि बॉलच्या सहा बाजू करून प्रत्येक बाजूला तेवढाच वेळ, तेवढाच दाब द्यायचा. पॅडखालून करडं पाणी निघतं, बॉलच्या रंगाचा जरासा अंशही त्यात उतरतो. सुरुवातीला हाताला खरखर जाणवते, मग ती बसत जाते. जोर मात्र लावायचा नाही, पॅडला त्याचं काम करू द्यायचं. दाबलात तर खाचा पडतात आणि मग दिलेला नंबर फक्त नावाला उरतो. स्पिनर नसेल तर हातानेही जमतं, वेळ लागतो इतकंच. आणि एकदा केलं म्हणजे कायमचं झालं असंही नाही. २००० वर आणलेला बॉल काही गेम खेळला की ट्रॅकच्या पट्ट्यात, म्हणजे लेनला टेकणाऱ्या भागात, ४००० सारखा गुळगुळीत होतो, लेनच त्याला घासते. त्या पट्ट्यावरून बोट फिरवून बघा, बाकीच्या बॉलपेक्षा वेगळा लागतो.

मग ड्रिलिंगला काही अर्थच नाही का? आहे की. बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं टोक, ज्याला पीएपी म्हणतात, भोकं पाडून देणारा दुकानदार आधी टेप चिकटवून शोधतो. तिथपासून बॉलवरची पिन (पाडायची पिन नव्हे, कोअरचं टोक दाखवणारा ठिपका) किती लांब, हे लेआउटमधलं, म्हणजे भोकांच्या मांडणीतलं, मुख्य माप. ३.३७५ इंचांच्या आसपास ट्रॅक सर्वांत जास्त पसरतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला बॉलचा नवा कोरडा भाग लेनला लागतो. अंतर वाढवत नेलं की पसरणं कमी होतं. त्यासोबत दोन कोन धरून मापं लिहायची पद्धत बॉल डिझायनर मो पिनेल यांनी रूढ केली, आजही दुकानात तीच बोलतात. पूर्वी चौथं, बॅलन्सचं भोक पाडून नंतरही थोडं इकडेतिकडे करता यायचं. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने ते बंद केलं. आता पिन चुकीच्या जागी गेली तर भोकं बुजवून पुन्हा पाडा, दुकानदाराचा खिसा भरा. पेपर मात्र वाटेल तेव्हा बदलता येतो. माझा सगळा युक्तिवाद यातच आला.

एक भोक मात्र कधीही हलक्यात घेऊ नये, ते अंगठ्याचं. अंगठा अडकला तर जगातला कुठलाही लेआउट तुम्हाला वाचवणार नाही.

माझ्या बॅगेत एकाच मॉडेलचे, एकाच लेआउटचे दोन बॉल आहेत. एक २००० वर, दुसरा पॉलिश. शिवाय स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या टाकीत उरलेल्या पिना पाडायला, प्लास्टिकचा. नाशिककर म्हणतो, ताई, हा शुद्ध वेडेपणा आहे, त्याच पैशात दोन वेगळे बॉल आले असते. पण गेम सुरू झाला की बॉल घासायला नियमाने मनाई आहे. तेल गेमगणिक उडत जातं, तेव्हा मला फक्त पृष्ठभाग बदलायचा असतो. दोन वेगळे बॉल असले की नेमकं काय बदललं तेच कळत नाही.

बदलायचं कधी, ते दहा नंबरची, मागच्या उजव्या कोपऱ्यातली पिन सांगते. बॉल खिशात, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या जागेत, बरोबर बसूनही दहा उभी राहिली तर सहा नंबरच्या पिनकडे बघा. ती दहाच्या मानेला वळसा घालून गेली असेल तर नशीब, बॉल तोच ठेवा, पाय अर्धी पट्टी हलवा. सहा नुसतीच गटारीत आडवी पडून राहिली असेल तर बॉलचा दम आधीच संपलाय. मग दुसरा काढा, पॉलिशवाला.