नागपूर ते न्यूयॉर्क किती तास? माझा अनुभव

आई-बाबांना ताईकडे न्यू जर्सीला पाठवायचं ठरलं, तेव्हा धरमपेठेतल्या एका एजंटला मी पहिला प्रश्न हाच विचारला. उत्तर आलं, "सोळा तास, भाऊ. बसले की पोहोचले." त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही.

16 तास लागतात ते मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानाला, अंतर साधारण 12,500 किलोमीटर. नागपूरहून न्यूयॉर्कला थेट विमान नाही. आधी मुंबई गाठायची, म्हणजे आणखी 700 किलोमीटर आणि दीड तास. खरा प्रश्न या दोन विमानांच्या मधल्या वेळेचा आहे आणि त्याबद्दल एजंट बोलतच नव्हता.

त्यानं काढलेल्या तिकिटात दोन वेगळे पीएनआर होते. पहिलं विमान मुंबईत टर्मिनल 1 ला उतरणार, दुसरं टर्मिनल 2 वरून सुटणार, मध्ये तीन तास. सामानाचं काय, विचारलं तर म्हणे, "आपोआप पुढे जाते." नाही जात! तिकिटं वेगळी असली की बॅगा पट्ट्यावरून उचला, बाहेर या, टॅक्सी करा, सांताक्रूझहून सहारला जा, पुन्हा काउंटरची रांग, मग इमिग्रेशन. काउंटर तर विमान सुटायच्या तासभर आधीच बंद होतो. बाबांना गुडघ्यांमुळे भराभर चालवत नाही. त्यात नागपूरचंच विमान उशिरा निघालं तर पुढचं चुकणार, आणि पुढची कंपनी हात वर करणार, कारण तिच्या लेखी तुम्ही वेळेवर आलेलेच नाही. हे मी परत परत सांगत होतो. त्याचं एकच पालुपद, "सगळे असेच जातात." मी खुर्चीतून उठलोच नाही. शेवटी एकाच पीएनआरवर, दोन्ही विमानं टर्मिनल 2 चीच, मध्ये सहा तास, असं तिकीट काढून घेतलं. थोडं महाग पडलं, पण बॅगांना नागपुरातच न्यूयॉर्कपर्यंतचा टॅग लागला. सोनेगावच्या विमानतळावर तो टॅग डोळ्यांनी पाहिला तेव्हा जीव भांड्यात पडला.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, हे घरच्यांना आधीच सांगा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. रात्री दीडला सुटलेलं विमान सकाळी सातला पोहोचतं असं वाचून आईला वाटलं, साडेपाच तासांचाच प्रवास! घरापासून ताईच्या दारापर्यंत अठ्ठावीस-तीस तास धरा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, तिचे पैसे लागत नाहीत. औषधं हातातल्या बॅगेत.

येताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे विमानाला वेळ कमी लागतो. पण तेव्हा मुंबईतच बॅगा घेऊन कस्टममधून जावं लागतं आणि नागपूरच्या विमानासाठी त्या पुन्हा द्याव्या लागतात. परतीच्या तिकिटातही मध्ये चार तास तरी मागून घ्या.