गुडघेदुखीत सुया: किती, कुठे आणि मग काय

अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतल्या की व्यायामातून सुटका, असं समजून येणारे पेशंट पुष्कळ. झिजलेल्या गुडघ्यात सुईचं काम मर्यादित असतं. दुखणं काही वेळ उतरलं, की दुखण्याच्या धास्तीने काम टाकून बसलेल्या मांडीच्या स्नायूंकडून व्यायाम करून घेता येतो. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गादी, काही सुईने परत येत नाही.

सुई ०.२५ मिमी जाडीची, ४० मिमी लांब, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची. पेशंटला उताणं झोपवायचं आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची. पाय ताणलेला राहिला तर स्नायू सुई धरून ठेवतात. स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्या. ओल्यावर टोचलं की चुरचुरतं आणि दोष सुईला जातो.

पहिल्या वेळी चार-पाच सुया पुरे. मुख्य बिंदू एसटी-३६ (ही अॅक्युपंक्चरमध्ये मानलेल्या जठराच्या वाहिनीवरची खूण; पुढचे जीबी आणि एसपी म्हणजे तशाच पित्ताशयाच्या आणि प्लीहेच्या वाहिन्या): वाटीच्या खालच्या कडेपासून पेशंटचीच चार बोटं खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. दुसरा जीबी-३४, पायाच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्याच्या पुढे आणि किंचित खाली. तिसरा एसपी-९, आतल्या बाजूला नडगीच्या हाडाच्या फुगवट्याखालच्या खळग्यात. चौथी सुई मांडीच्या आतल्या स्नायूत, दाबल्यावर जिथे सर्वांत जास्त दुखतं तिथे. खोली साधारण २० ते ३० मिमी, सडपातळ पायात त्याहून कमी. वाटीखालच्या दोन खळग्यांत, म्हणजे ‘गुडघ्याच्या डोळ्यां’त, बरेच जण टोचतात. आम्ही टाळतो; तिथे सुई सांध्याच्या पोकळीत जाऊ शकते आणि सांध्यात जंतू गेले तर प्रकरण भारी पडतं.

सुई हलकेच फिरवली की जडपणा किंवा बोथट ठणका जाणवायला हवा. झिणझिणी किंवा करंट पावलापर्यंत गेला तर सुई नसेजवळ आहे, लगेच मागे घ्या. जीबी-३४ ला हे सहज होऊ शकतं, कारण पाऊल वर उचलणारी नस फिब्युलाच्या मानेला वळसा घालून तिथूनच पुढे येते. २० मिनिटं सुया ठेवायच्या, मधे एक-दोनदा फिरवायच्या, पण एकाच दिशेने गरागरा नाही. तंतू गुंडाळले जाऊन सुई अडकते. अडकलीच तर ओढू नका. आजूबाजूला हलकं चोळा, थोडं थांबा, उलट दिशेने फिरवून काढा. सुया अंगात असताना शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींनी खोलवर शेक देणारं यंत्र) कधीही लावू नये. धातू तापून आतून भाजतं. पेसमेकर असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडायचा नाही.

उपाशीपोटी आलेल्याला चक्कर येते, म्हणून आधी काही खाल्लंय का ते विचारा. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, तर सुया काढून पाय उंच करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई काढल्यावर एखादं मिनिट कोरड्या कापसाने दाबून धरा. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल, किंवा एकच पोटरी अचानक सुजली असेल, तर सुई नाही, आधी डॉक्टर.

सुया निघाल्या की त्याच बैठकीत व्यायाम. पाय सरळ उचलून ५ सेकंद धरणं, दहा-दहाचे तीन संच. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि ‘सुयांचा गुण दोनच दिवस टिकला’ अशी तक्रार येते.

पुराव्याचं म्हणाल तर मतं फाटलेली आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी अॅक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली. कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये ‘देऊ नका’ म्हटलं. खऱ्या आणि खोट्या (नुसतं टोचल्याचं भासवणाऱ्या) सुयांमधला फरक चाचण्यांत लहानच निघतो. म्हणून आम्ही हा जोड-उपचारच मानतो. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, आणि चौथ्या वेळेनंतर हिशेब. पेशंटने दुखण्याला दहापैकी दिलेले गुण किमान दोनने उतरले नसतील तर सुया बंद, व्यायाम चालू.

टोचताना सुया मोजा, काढतानाही मोजा. पँटच्या घडीत राहिलेली सुई रिक्षात बसल्यावर सापडते. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच जायला हव्यात, टोपण परत न लावता.