मांडीतून काढलं, गुडघ्यात बसवलं

कबड्डी खेळताना पाय जागीच रुतला, अंग तेवढं वळलं आणि गुडघ्यात 'कट्ट' वाजलं. खानापुरात ज्याला त्याला एकच निदान सुचलं, शीर चढलीय, चोळून घे. एक्स-रे चांगला आला तसे घरचे निर्धास्त झाले. पण एक्स-रेत हाडं दिसतात. हाडाला हाड बांधणारं लिगामेंट दिसत नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी गुडघा जरासा वाकवून नडगी पुढे ओढली, तर ती भलतीच सरकली. एमआरआयत नक्की झालं, एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट, पूर्ण तुटलंय.

"प्लास्टर घालून जुळत नाही काय ओ?" बाबांनी विचारलं. हाडाला रक्त भरपूर, म्हणून ते जुळतं. एसीएल सांध्याच्या आत, तिथं रक्त जेमतेम. पूर्ण तुटल्यावर टोकं बहुधा आपणहून सांधत नाहीत. मग माझ्याच मांडीच्या मागचे दोन टेंडन काढले, दुमडून चार पदरी केले आणि मांडीच्या हाडात नि नडगीत बोगदे पाडून ओवले. टेंडनचं मूळ काम स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवायचं. पण टेंडन नि लिगामेंट दोन्ही मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाचेच, म्हणून ही बदली चालते.

ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं ते नंतरचं. फिजिओ कन्नड बोलणारे. "ओंदु, एरडु, मूरु" म्हणत मांडी आवळायला लावायचे. मांडी आवळली की तिच्या पुढच्या स्नायूचा टेंडन ओढला जातो, त्यातली गुडघ्याची वाटी वर सरकते. माझी सुरुवातीला हलेचना. मांडीला निरोपच पोचत नव्हता जणू!

खरा धोका पुढे होता. दोनेक महिन्यांनी सूज ओसरली, कुबड्या सुटल्या, बसची उंच पायरीही जमू लागली. "आता ये की गा मैदानावर," मित्र म्हणाले. पण नेमका याच सुमारास गुडघ्यात बसवलेला टेंडन सगळ्यात कमजोर असतो. जुन्या पेशी मेलेल्या, नव्या रक्तवाहिन्या अजून आत शिरतायत. त्याचं लिगामेंटसारखं रूप व्हायला वर्ष किंवा जास्तही लागतं. बाहेरून यातलं काही दिसत नाही, आणि मित्रांना ते पटवणं सगळ्यात कठीण.

आता राजहंसगड चढतो. उतरताना मात्र मांडी थरथरते, कारण उतारावर ब्रेक तिलाच लावायचा असतो. कबड्डीसाठी फिजिओंच्या दोन अटी आहेत. किमान 9 महिने आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के. महिने झाले. उडी अजून कमी भरते.