खडूच्या डोंगरावरून कँटरबरीला

२०२५ साली आषाढी ६ जुलैला आली आणि इंग्लंडातल्या कँटरबरीच्या थॉमस बेकेट या ख्रिस्ती संताचा उत्सव ७ जुलैला. १२२० साली त्याच दिवशी त्याच्या अस्थी तळघरातून काढून वरच्या समाधीत ठेवल्या होत्या. मी ह्यांना म्हटलं, यंदाही पंढरपूर काही होत नाही, निदान इथली वारी तरी करू. ह्यांनी लगेच फोनवर नकाशा उघडला आणि तो शेवटपर्यंत बंद केला नाही.

फर्नहॅमला नॉर्थ डाउन्स या खडूच्या डोंगरांची धार सुरू होते आणि डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांपाशी समुद्रात संपते. सह्याद्रीचा लाव्हा वाहिला साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. त्याच्याही आधी इथे उबदार समुद्र होता, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाची कवचं तळाशी साचत साचत हा खडूचा दगड झाला. काळ्या कातळात वाढलेल्या माणसाला पायाखाली पांढरं दिसलं की उगीच कोणाच्या तरी अंगणातून चालल्यासारखं वाटतं. गिल्डफर्ड झालं, बॉक्स हिलखाली मोल नदी दगडांवरून ओलांडली, ऑटफर्ड आलं नि गेलं. मेडवे नदीवरचा पूल मोटरवेला लागून आहे. ट्रकांच्या घरघरीत माझा हरिपाठ मलाच ऐकू येईना. पुढे किट्स कोटीचे पाषाणयुगातले उभे दगड लोखंडी कुंपणाआडून पाहिले.

या वाटेला ‘पिलग्रिम्स वे’, म्हणजे यात्रेकरूंची वाट, म्हणतात. वाट फार जुनी, पण तिला हे नाव मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांनी आणि नकाशे काढणाऱ्यांनी चिकटवलं. हे मला ह्यांनी ऐन चढावर सांगितलं. मी म्हटलं, राहू द्या, मला चालू द्या.

डेटलिंग ते हॉलिंगबोर्न. त्या दुपारी ऊन असं होतं की इंग्लंडात आहोत यावर विश्वास बसू नये. वाट नुसती खाली उतरवते आणि पायऱ्यांनी परत वर चढवते. उजव्या टाचेला फोड आला आणि तो फुटला. बाटली रिकामी. हे पुढे निघून गेलेले, त्यांच्या पावलांचा आकडा पूर्ण व्हायचा होता. टाळ नाही, पखवाज नाही, मागून ‘माउली, माउली’ म्हणत पुढे ढकलणारं कोणी नाही. एका फाटकाच्या फळीवर बसले आणि खरं सांगते, बेकेटवर, विठ्ठलावर आणि ह्यांच्यावर सारखीच चिडले.

तेवढ्यात खालून एक आजोबा कुत्र्याला घेऊन वर आले. माझ्या मोज्यावरचं रक्त बघून थांबले. काही न विचारता कुंपणाच्या काटेरी तारेत अडकलेली मेंढ्यांची लोकर ओढून काढायला लागले. काटेकुटे वेचून टाकले, बोटांनी पिंजून मऊ केली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाले, टाचेशी ठेव, हिच्यात मेंढीचं तेल असतं, घासणार नाही. मग कुत्र्यासाठी आणलेली पाण्याची बाटली दिली. कुत्र्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धीच प्यायले.

ते शेजारी बसले. वर पाणी मिळायचं नाही, म्हणाले. पाऊस पडला की खडू सगळा पिऊन टाकतो आणि पायथ्याशी, चिकणमाती लागते तिथे, झऱ्यांनी सोडतो. म्हणून सगळी गावं खाली, ओळीने. मेंढ्या चरायच्या थांबल्या तर हा डोंगर काही वर्षांत झुडपांनी झाकून जाईल. ऑर्किडं आणि ती निळी फुलपाखरं या आखूड गवताच्याच आधाराने राहतात. मी मान हलवत होते, पण लक्ष टाचेकडे होतं. उठून दोन पावलं टाकली, दुखणं सोसवेल इतपत झालं होतं. आपल्याकडे वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला माणसं तंबूत बसलेली असतात. मी वाकून त्यांच्या बुटांना हात लावला. ते इतके गडबडले की कुत्रा भुंकायला लागला.

त्यानंतर वाटेभर तारांवरची लोकर गोळा करायचा नादच लागला. लेनहॅमजवळ डोंगरात खोदलेला पांढरा क्रूस दिसला, पहिल्या महायुद्धातल्या गावकऱ्यांसाठीचा. चॅरिंगला चर्चच्या भिंतीतले चकमकीचे दगड हाताने चाचपले. खडूतूनच निघतात, फोडले की आत काळे. हे चहासाठी थांबूया म्हणाले तेव्हा मी थांबले नाही.

एकादशीला कँटरबरी. तिकीट काढून तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, कॅथेड्रलमध्ये गेलो. बेकेटची समाधी ज्या चौथऱ्यावर होती तिथे आता एक मेणबत्ती जळते. १५३८ साली आठव्या हेन्री राजाने समाधी तोडून सोनं-रत्नं गाड्यांनी नेली. आपला विठोबा विजयनगरला गेला तर भानुदासांनी परत आणला म्हणतात. इथे परत आणायलाही काही उरू दिलं नाही. तिथवरच्या दगडी पायऱ्या मात्र माणसांच्या येण्याजाण्याने झिजल्यात. मी एका पायरीवर टेकले, तर पहारेकरी बाई नम्रपणे म्हणाल्या, इथे बसू नका.

बाहेर येऊन शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. हे म्हणाले, डोव्हरपर्यंत धार अजून आहे. मी विचारलं, किती चढ?