‘निगेटिव्ह’ रिपोर्टचं तिसरं पान: अ‍ॅड्रीनलच्या जनुकीय चाचणीचा माझा अनुभव

जनुकीय चाचणीच्या फॉर्मवर नुसतं ‘अ‍ॅड्रीनल ट्यूमर’ असं लिहून तो पुढे जाऊ देऊ नका. माझ्या फॉर्मवर तेवढंच लिहिलं गेलं आणि त्या दोन शब्दांपायी दोन महिने वाया गेले. राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधीच्या तपासण्या सुरळीत झाल्या. सीटीमध्ये दोन्ही बाजूंच्या, मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी फुगलेल्या, त्यांत एक सेंटिमीटरहून मोठ्या बऱ्याच गाठी. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची, म्हणजे शरीराचं कॉर्टिसॉल दाबणाऱ्या कृत्रिम स्टेरॉइडची, गोळी आणि सकाळी ८ वाजता रक्त: कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) दर डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमपर्यंत उतरायला हवं होतं, ते ५.२ वरच होतं. एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं पिट्युटरीचं संप्रेरक) दबलेलं, मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रीनलिनच्या विघटनातून उरणारा पदार्थ) नॉर्मल. म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या थराची, कॉर्टेक्सची, दोन्हीकडची गाठाळ वाढ. निदानात संदिग्ध काही नव्हतं. पण यातलं एक अक्षरही फॉर्मवर गेलं नाही.

फॉर्मवर ‘क्लिनिकल माहिती’ अशी दोन बोटं रुंदीची चौकट असते. तिच्यात काय लिहिलंय त्यावरून कोणतं पॅनेल, म्हणजे एकत्र तपासायच्या जनुकांचा कोणता संच, लावायचा ते ठरतं. अ‍ॅड्रीनल दिसायला एक ग्रंथी असली तरी तिच्यात दोन वेगळे अवयव एकत्र बसलेले आहेत. गाभा, म्हणजे मेडुला, चेतासंस्थेच्या पेशींपासून बनतो आणि अ‍ॅड्रीनलिन सोडतो. कॉर्टेक्सची घडण वेगळ्याच ऊतीतून होते आणि तो कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन बनवतो. दोघांचे आजार वेगळे, जनुकंही वेगळी. गाभ्याच्या गाठीसाठी, म्हणजे फिओक्रोमोसायटोमासाठी, आरईटी, व्हीएचएल, एनएफ१, एसडीएच गटातली जनुकं, टीएमईएम१२७ आणि मॅक्स तपासतात. कॉर्टेक्सच्या दोन्हीकडच्या गाठाळ वाढीत पहिलं नाव एआरएमसी५चं. त्याचा या आजाराशी असलेला संबंध २०१३ मध्ये समोर आला. जेवणानंतर कॉर्टिसॉल चढत असेल तर केडीएम१ए. गाठी बारीक, काळपट रंगाच्या असतील तर पीआरकेएआर१ए. दोन्ही याद्यांत सामाईक जवळजवळ काहीच नाही.

माझ्या नमुन्यावर गाभ्याचं पॅनेल लागलं. चार आठवड्यांनी रिपोर्ट आला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: ‘कोणताही रोगकारक बदल आढळला नाही.’ घरच्यांना हायसं वाटलं. भावंडांना कळवूनही झालं की काळजीचं कारण नाही. मग तिसऱ्या पानावर, तळाशी, बारीक टायपातली तपासलेल्या जनुकांची यादी वाचली. एआरएमसी५ त्यात नव्हतंच. त्या जनुकाकडे कुणी बघितलंच नव्हतं, आणि त्याच रिपोर्टच्या भरवशावर तीन माणसं निर्धास्त झाली होती. याचीच चीड सगळ्यात जास्त आहे.

प्रयोगशाळेचं उत्तर ठरलेलं: ‘मागितलेली चाचणी बरोबर झाली आहे.’ ते तांत्रिकदृष्ट्या खरं असल्यामुळे भांडून उपयोग नव्हता. नेमके प्रश्न विचारल्यावरच काम हललं. पहिला प्रश्न: एक्सोम (सगळ्या जनुकांचा प्रथिनं घडवणारा भाग) वाचलंय की निवडक जनुकंच पकडली आहेत? एक्सोम असेल तर सगळ्या जनुकांची माहिती साठवलेली असते, राहिलेलं जनुक त्यातूनच पुन्हा तपासता येतं, नवं रक्त लागत नाही. माझ्या बाबतीत निवडक पॅनेल होतं, त्यामुळे जुन्या माहितीत एआरएमसी५ असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा प्रश्न: डीएनए शिल्लक आहे का आणि किती दिवस ठेवता? होता, पुरेसा होता. फक्त डॉक्टरांच्या सहीचा नवा फॉर्म हवा होता. हे दोन्ही फोनवर विचारता येतं. मी काउंटरवर तीन खेपा घातल्या, त्या टळल्या असत्या.

तिसरा प्रश्न बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर नेहमीच्या वाचनात तो निसटू शकतो, कारण दुसऱ्या गुणसूत्रावरची शाबूत प्रत वाचली जाते आणि सगळं ठीक दिसतं. म्हणून प्रतींची संख्या मोजली आहे का, एमएलपीए किंवा तत्सम पद्धतीने, हे विचारा आणि रिपोर्टवर तसं लिहून घ्या.

दुसऱ्या फॉर्मची चौकट मी स्वतः भरली, डॉक्टरांनी वाचून सही केली: ‘दोन्ही बाजूंची मॅक्रोनोड्युलर कॉर्टिकल वाढ, डेक्सामेथासोननंतर कॉर्टिसॉल ५.२; एसीटीएच दबलेलं; मेटानेफ्रिन नॉर्मल; एआरएमसी५ तपासणे, प्रतींच्या मोजणीसह.’ पाच आठवड्यांनी उत्तर आलं. एआरएमसी५मध्ये प्रथिन अर्ध्यातच तोडणारा बदल, वर्ग ‘रोगकारक’.

या जनुकाचं वागणं समजून घ्यावं असं आहे. ते वाढीला लगाम घालतं. जन्मतः एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम करत राहते. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की तिथून गाठ सुरू होते. काढलेल्या ग्रंथीतल्या गाठी वेगवेगळ्या तपासल्या तर दुसऱ्या प्रतीतला बिघाड गाठीगणिक निराळा सापडतो: शेजारी शेजारी वाढलेल्या, पण प्रत्येकीची सुरुवात स्वतंत्र. दोन्ही ग्रंथी एकदम का वाढतात आणि त्याला पन्नाशी का उजाडते, हे त्यातून कळतं. साधारण पाचातल्या एका रुग्णातच हा बदल सापडतो, त्यामुळे योग्य पॅनेल लागूनही काही न सापडणं शक्य आहे. पण ते ‘नाही’ खरोखर बघून दिलेलं असतं.

भावंडांना आणि मुलांना हा बदल असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के. त्यांना पूर्ण पॅनेल लागत नाही, फक्त तीच एक जागा तपासायची. त्यांच्या फॉर्मवर बदलाचं पूर्ण नाव ट्रान्सक्रिप्टच्या (जनुकाच्या ज्या नोंदीवरून बदलाची जागा मोजलीय तिच्या) क्रमांकासकट लिहा आणि तुमच्या रिपोर्टची प्रत जोडा. रिपोर्टमध्ये ‘महत्त्व अनिश्चित’ असं लिहिलं असेल तर मात्र नातेवाइकांचं भवितव्य त्यावरून ठरवू नका. ज्यांच्यात रोगकारक बदल निघेल त्यांनी रक्तदाब, साखर आणि डेक्सामेथासोन चाचणी करून घ्यावी. या जनुकासोबत मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिन्जिओमा, आढळल्याच्या नोंदी आहेत. डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल तर डॉक्टरांना एआरएमसी५चं नाव घेऊन सांगा.

डेक्सामेथासोनवरून आठवलं, हे आधीच सांगायला हवं होतं: इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील तर कॉर्टिसॉल खोटं जास्त दिसतं, आणि फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, रिफॅम्पिसिन ही औषधं डेक्सामेथासोन लवकर जिरवून टाकतात. चालू औषधांची यादी चाचणीआधीच डॉक्टरांना दाखवा. काय थांबवायचं आणि किती आठवडे, ते त्यांनाच ठरवू द्या.

माझ्या दोन भावंडांपैकी एकाकडे बदल आहे. त्याची डेक्सामेथासोन चाचणी पुढच्या आठवड्यात आहे.